आईला घोड्यावरून वरच्या घरी नेण्याच्या तयारीबाबत

पुएस्तो विएखो,
१४ डिसेंबर १९९४

वडीलधाऱ्या ओतिलियाताईस, धाकट्या एवारिस्तोचा वाऱ्याकडे तोंड करून, लवून नमस्कार. (वाऱ्याकडे पाठ करून लवलो की टोपी जाते. या वर्षी दोन गेल्या.)

तुझं मार्चमधलं पत्र मार्चमध्येच पोचलं. उत्तराला डिसेंबर उजाडला याचं कारण आळस नव्हे. सहा वेळा लिहायला बसलो आणि सहाही वेळा ‘इकडे सर्व क्षेम’ या वाक्याशी अडलो. नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला, ज्या वाक्याची खात्री नाही त्याखाली सही करता येत नाही. रेनाल्दोदाजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, मेंढीची चरबी गरम करून चोळा, आणि बरं वाटलं नाही तरी बरं वाटतंय असं म्हणा, नाहीतर आई दुसरं औषध सुचवील आणि ते याहून वाईट आहे. तुमच्या पुंता अरेनासचा वारा इकडच्यापेक्षा मोठा असं दाजी नेहमी म्हणतात. त्यांच्या माहितीसाठी: सप्टेंबरात आमच्या खुराड्याचं छप्पर उडालं ते शाळेच्या पटांगणात उतरलं, आणि हेडमास्तरांनी ते चिठ्ठीसह परत पाठवलं. चिठ्ठीत एक कोंबडीही सोबत पाठवल्याचा उल्लेख होता. कोंबडी मिळाली नाही.

आई आत्ता समोर चुलीपाशी बसली आहे. एक्याऐंशी पूर्ण झाली. जेवते नीट, रेडिओशी भांडते नीट. पत्र पुरं झालं की तिला मोठ्याने वाचून दाखवायचं, अशी तिची अट आहे, त्यामुळे तुला जागोजागी जास्त अदब दिसली तर नवल मानू नकोस.

बाबांच्या अंत्यविधीच्या जेवणात तुझं नि तिचं जे बोलणं झालं, त्याला आता अकरा वर्षं झाली. सगळे बाबांच्या शांत स्वभावाचं कौतुक करत होते आणि तू ताटावरून मान वर करून म्हणालीस की बाबा आयुष्यात कुणाचं ऐकत नसत, ऐकलं असतं तर डॉक्टरकडे वेळेवर गेले असते. त्यानंतर तू इकडे आली नाहीस, नाताळाची कार्डं येतात. तो विषय मी इथे काढत नाही. फक्त नोंद केली.

तर आता मूळ विषय. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आईला डोळे दाखवायला कोयाइकेला नेलं. डॉक्टर तरुण आहे आणि स्पष्ट बोलतो. (तुझ्यासारखाच.) त्याने सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिला उजेड आणि अंधार यांतला फरक कळेल, त्यापलीकडे फारसं काही नाही, आणि यावर उपाय नाही. परतीचा बसप्रवास पाच तासांचा. घरी आल्यावर तिने शाल न काढताच चूल पेटवली, येर्बाचा कडू चहा केला, पहिला घोट घेतला आणि म्हणाली, “मला वरच्या घरी जायचंय.”

“वरच्या घरी रस्ता नाही, आई.”

“रस्ता कधी होता?”

तुला आठवतच असेल, तळ्याकाठच्या त्या घराकडे जायचं म्हणजे दोन दिवस घोड्यावर, मधे लेंगा झाडांच्या जंगलात एक मुक्काम, दोनदा नदी, आणि दुसऱ्या दिवशी तो घळीतला चढ, जिथे बाबासुद्धा शिव्या द्यायचे थांबून देवाचं नाव घेत. आईने सांगितलं की वर दोन रात्री राहायचं. मी म्हटलं, राहू, पण अंगणात तंबू ठोकून. घर इतकी वर्षं बंद आहे, आत कोंदट वास असेल, तो छातीला बरा नाही. घराबद्दल तुला काळजी नको. आपले शेजारी सेलेदोनियोभाऊ दर उन्हाळ्यात गुरं घेऊन वर जातात, खाली आले की मला सांगतात, आणि ते मी संध्याकाळी आईला सांगतो: लाल पत्रा शाबूत आहे, सफरचंदाची झाडं फुलली आहेत, दारापुढचा बाबांचा बाक जागच्या जागी आहे. हे ऐकलं की तिला झोप छान लागते.

तयारीची जबाबदारी मी घेतली. ताई, तू हसू नकोस. मी घोड्यावर बसलो त्याला चाळीस वर्षं झाली हे मला माहीत आहे, पण तयारी टेबलावर करायची असते आणि टेबलाशी मी चांगला आहे. मी जाड वही घेतली, चार रकाने आखले: वस्तू, नग, उपयोग, आणि ती हरवल्यास काय. पाच संध्याकाळींत चौऱ्याण्णव वस्तू झाल्या. त्यांत दोन तंबू (एक फाटला तर), तीन शिट्ट्या, रॉकेलचा स्टोव्ह, घडीची खुर्ची, आणि नदी ओलांडताना आईच्या कमरेला बांधायची हवेची ट्यूब होती. आईने यादी ऐकून घेतली. काळी लोखंडी किटली एवढीच तिची भर, आणि ट्यूब कशासाठी असा प्रश्न. मी कारण सांगितल्यावर म्हणाली, “तुला नोंदणीसाठी पहिल्यांदा खाली आणलं तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. घोड्याच्या एका अंगाच्या पेटीत तू, आणि तोल राहावा म्हणून दुसऱ्या अंगाच्या पेटीत बटाटे. नदीत तू रडलास. बटाटे रडले नाहीत.” (ताई, त्या वेळी तू सहा वर्षांची होतीस. मला फक्त एवढंच कळवावंस की खाली पोचल्यावर आधी कुणाला उतरवलं. आई या प्रश्नाला उत्तर देत नाही.)

मग सेलेदोनियोभाऊंना बोलावलं. ते आता एकाहत्तरचे आहेत, टोपी अजून तीच आहे, आणि अजूनही एक वाक्य बोलले की चुलीत लाकूड सारून पुढचं वाक्य शोधतात. त्यांनी वही उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, हे सगळं वाहायचं कुणी?

“घोड्यांनी.”

“घोड्यांना विचारलंस?”

मी म्हटलं, तुम्ही विचारा, तुमची ओळख आहे. ते हसले नाहीत. पेन्सिल मागून घेतली आणि एकेक ओळ खोडत गेले. खुर्ची गेली, स्टोव्ह गेला, दुसरा तंबू गेला, शिट्ट्यांतली एक राहिली. शेवटी अकरा वस्तू उरल्या, आणि त्यांत किटली होती. आई चुलीपाशी बसून खोडण्याचा आवाज ऐकत होती आणि तिचा चेहरा, काय सांगू, उजळत होता.

भाऊंचं म्हणणं असं की जायच्या आधी एकदा तालीम करावी. म्हणून दहा दिवसांपूर्वी, रविवारी सकाळी त्यांच्या कुरणात आम्ही जमलो. आईसाठी राखी घोडी, सेनिसा. माझ्यासाठी पासिएन्सिया, म्हणजे धीर. तो कुणी धरायचा ते नावावरून कळत नाही. आणि ओझ्याला एक धिप्पाड काळा घोडा, ज्याच्या गळ्याखाली पांढरा पट्टा आहे म्हणून सगळा गाव त्याला बिशप म्हणतो. आईला बाकावर उभं करून घोडीवर बसवलं. मी खालून दोन्ही हात पसरून उभा होतो, झेलायला. तिने खोगिरावरचं मेंढीचं कातडं तळव्याने एकदा दाबलं, रिकीब पायाने चाचपली, लगाम एका हातात घेतला, आणि ताई, घोडी चालू लागली तेव्हा जमिनीवर सावकाश पाय टाकणारी आपली म्हातारी कुठे गेली ते मला कळलं नाही. तिची पाठ सरळ झाली. कुरणाला तिने तीन फेऱ्या मारल्या. मी अजून हात पसरूनच उभा होतो, तेव्हा भाऊ म्हणाले की आता खाली घे, कावळे बसतील.

इथे एक गोष्ट लिहितो. (वाचताना मला इथे खोकला येणार आहे.) फेऱ्या झाल्यावर आई उतरली आणि कुंपणापाशी गेली. तिथे तिने हात पुढे करून खांदा थोपटला आणि म्हणाली की सेलेदोनियो, तू होतास म्हणून बाबांच्या मागे आमचं निभावलं, हे मी तुला कधी बोलले नाही, आज बोलते. खांदा बिशपचा होता. तो कान टवकारून सगळं ऐकून घेत होता, आणि मला कबूल केलं पाहिजे की इतकं अदबीने ऐकताना मी कुणाला पाहिलेलं नाही. खरे सेलेदोनियोभाऊ चार पावलं मागे उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी टोपी काढून छातीशी धरली होती. डॉक्टरने पुढचा उन्हाळा म्हटलं होतं. मला वाटतं आईने त्याच्या दवाखान्यातही समोरचा तक्ता पाठ करूनच वाचला.

त्यानंतर तंबू उभारायची तालीम. ही माझी कल्पना. तंबू ठोकायला किती मिनिटं लागतात त्याची मला नोंद हवी होती. सात मिनिटं झाली असताना कापडात वारा शिरला आणि तंबू बिशपच्या पाठीवर जाऊन बसला. भाऊंनी मला बिशपचा दोर धरायला सांगितलं होतं, पण आपल्या पाठीवर पांढरं कापड फडफडायला लागलं की कुठलाही घोडा ओढ घेणारच. दोर हातातून निसटला आणि बिशप कुंपण ओलांडून गावाच्या दिशेने निघाला. मी पासिएन्सियावर चढून त्याच्या मागे गेलो. म्हणजे चढलो एका बाजूने आणि पोटाखालचा तंग सैल असल्यामुळे खोगिरासकट दुसऱ्या बाजूने ओढ्यात उतरलो. पाण्यात बसून मी पुढचं सगळं पाहिलं. देवळातली प्रार्थना नुकतीच सुटली होती. लोक पायऱ्यांवर उभे होते, आणि समोरून बिशप येत होता, खांद्यावरून पांढराशुभ्र तंबू जमिनीपर्यंत लोळतोय, मेखा मागे घंटांसारख्या वाजताहेत, आणि चाल आता संथ, मान ताठ. लोकांनी वाट करून दिली. एर्मिनियामावशी सवयीने गुडघ्यावर बसल्या. पाद्रीबाबा दारात उभे राहून बराच वेळ त्याच्याकडे बघत होते, मग त्यांनीच पुढे होऊन दोर धरला आणि म्हणाले, “वेळेवर आलात. आम्ही आत्ताच संपवलं.”

हे सगळं भाऊंनी कुरणात उभं राहून आईला एकेक वाक्य करून सांगितलं. आणि आई हसली. बाबांच्या नंतर मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. कुंपणाच्या खांबाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी ओढ्यातून बाहेर येत होतो आणि मला थंडी वाजत होती, तरी जरा वेळ तिथेच थांबलो, तिचं हसणं थांबू नये म्हणून.

यानंतर जे झालं ते माझ्या बाजूने फारसं चांगलं दिसत नाही. सोमवारी मी आईला सांगितलं की आपण फेब्रुवारीत जाऊ, उन्हाळ्याअखेर नदीचं पाणी उतरेल. मंगळवारी सांगितलं की फेब्रुवारीत घोडमाश्या असतात, मार्च बरा. बुधवारी वहीत पाहून सांगितलं की सगळा विचार करता पुढच्या वर्षी, नीट तयारीनिशी. आई त्या दिवसापासून माझ्याशी बोलेना. चुलीशी बोलायची. मी समोर बसलेला असताना चुलीला विचारायची की याला आणखी भाजी हवी का. तिसऱ्या दिवशी सेलेदोनियोभाऊ दूध घेऊन आले, त्यांनी दारातूनच परिस्थिती पाहिली आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, “नदी तीच आहे, एवारिस्तो. घोडेही तेच. तू कशाला भितोयस ते आपल्याला दोघांना माहीत आहे.” मग दुधाचं भांडं माझ्या हातात देऊन गेले.

मी आत आलो. आई खिडकीपाशी उभी होती, काचेवर तळवा टेकवून.

“पुढच्या वर्षी मला उजेड दिसेल आणि अंधार दिसेल,” ती म्हणाली. चुलीला नव्हे, मला. “तेवढ्यासाठी घोडा कशाला? खिडकी पुरे.”

ताई, मी एकतीस वर्षं लोकांचे मृत्यू सुवाच्य अक्षरात लिहिले, आणि शाईचा एक थेंबही कधी सांडला नाही. त्या दिवशी दूध सांडलं. ते पुसून मी भाऊंकडे गेलो आणि तारीख पक्की केली: ११ जानेवारी, पहाट नव्हे तर आईचा चहा झाल्यावर. अकरा वस्तू, भाऊंचा सोडून चार घोडे. चौथा घोडा जादा आहे. तुला सवड असली तर बघ, नसली तर मनाला लावून घेऊ नकोस. लांबचा प्रवास आहे, दाजींचा गुडघा आहे, मी समजू शकतो.

दाजींना नमस्कार, तुझ्या नातवंडांना गालगुच्चे. तू पाठवलेली लोकरीची बंडी आई रोज घालते, कुणी पाठवली ते विचारलं की मात्र ‘दुकानातली’ म्हणते.

तुझा धाकटा भाऊ,
एवारिस्तो

ता. क. इथपर्यंतचं आईला वाचून दाखवायचं आहे. इथून पुढचं नाही. ताई, वरचं घर नाही. आठ वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने छप्पर बसलं, पुढच्या वर्षी भिंती गेल्या. सेलेदोनियोभाऊंनी कचेरीत येऊन मला सांगितलं तेव्हा बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आई नुकती नीट जेवायला लागली होती. घरी आलो, तिने विचारलं, घर कसं आहे, आणि माझ्या तोंडून निघालं की छान आहे. एकदा छान म्हटल्यावर पुढच्या वर्षी वाईट कसं म्हणायचं? म्हणून आठ वर्षं मी ते घर उभं ठेवलं आहे. पत्र्याला दोनदा रंगही दिला. आता बारा तारखेला आम्ही तिथे पोचू, ती मला विचारेल आणि मला सांगावं लागेल. माझी एकच विनंती आहे, त्यासाठीच हे पत्र. तू ये. मी जेव्हा म्हणेन की पत्रा लाल आहे, तेव्हा तू शेजारी उभी राहून फक्त ‘हो’ म्हण. तुझा ‘हो’ ती मानेल, कारण तू तिला बरं वाटावं म्हणून कधीच काही बोलली नाहीस.

आणखी ता. क. पत्र वाचून झालं. सहीपाशी थांबलो. आई म्हणाली, “सही केल्यावर तू पुष्कळ वेळ लिहीत होतास. कान अजून शाबूत आहेत माझे. पुढे वाच.” मी खोकून पाहिलं. मग वाचलं, आधी खोकून गाळलेलंही.

तिने चहा संपवला. मग जे सांगितलं ते तिच्या हुकमावरून जसंच्या तसं लिहितो. पहिलं: दोर निसटला नाही, मी सोडला, तिने माझे पाय मागे पळताना ऐकले. दुसरं: कुंपणापाशी ती बिशपशी बोलत होती ते बिशप आहे हे माहीत असूनच, सेलेदोनियोच्या तोंडावर ते बोलली असती तर तो लाजून महिनाभर फिरकला नसता, आणि तो मागे उभा आहे हेही तिला माहीत होतं. (हे खरं की आत्ता सुचलेलं, ते मी नोंदणीतला माणूस असूनही ठरवू शकत नाही.) तिसरं: छप्पर बसल्यानंतरच्या पहिल्याच शरद ऋतूत, गुरं खाली आल्यावर, तिने सेलेदोनियोला सरळ विचारलं होतं. त्याने सांगितलं. त्या दिवशी ती परसात जाऊन रडली, आणि संध्याकाळी मी पत्र्याला रंग दिल्याचं ऐकलं. मग दर वर्षी ती वाट बघायची. तीन वर्षांपूर्वी मी बोलता बोलता एक खोली वाढवली, तेव्हा हसू लपवायला तिला गोधडीत तोंड घालावं लागलं.

मी विचारलं, मग इतक्या लांब जायचं कशाला?

याचं उत्तर तिने तुला दिलं. म्हणाली, ओतिलियाला लिही, मी सांगते तसं लिही, मधे काही घालू नकोस:

“ओतिलिया, त्या दिवशी जेवताना तू खरं बोललीस, म्हणून मला राग आला. खोटं असतं तर मी विसरले असते. तू ये. तिथे जे पडलंय ते मला हातांनी चाचपून बघायचंय. एवारिस्तो मला फुलं कुठे आहेत ते सांगेल. खिळे कुठे आहेत ते तू सांग.”